'इंधन' लिहिणारे दलवाई

(शेलूबाजार येथे तरुण मित्र-मैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला हमीद दलवाईंवर बोलायचं आहे. नाव घेतल्याबरोबर मागच्या रांगेत दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मी बघितलं. त्यात तुमची काही चूक नाही. हे नाव आपल्यापर्यंत पोहोचतं तेच मुळी भांडण घेऊन पोहोचतं. मोहल्ल्यात ते येतं 'दीन सोडून गेलेला माणूस' म्हणून. मोहल्ल्याबाहेर येतं ते असं की, ज्यांना आपल्याबद्दल काडीचं प्रेम नाही, असे लोक त्यांची दोन वाक्यं मोबाईलवर फिरवतात आणि म्हणतात, बघा, तुमचाच माणूस काय सांगून गेला. एका बाजूला शिवी, दुसऱ्या बाजूला काठी. या दोन्ही बाजूंच्या बहुतेकांनी त्यांची कादंबरी उघडलेली नसते.

होय, कादंबरी. दलवाई आधी गोष्टी लिहिणारे होते. समाजसुधारक ते नंतर झाले. मी साहित्याचा प्राध्यापक नाही, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा इंजिनिअर आहे. पण वाचक म्हणून माझं ठाम मत आहे की त्यांचं कादंबरीकार असणं बाजूला ठेवलं, तर त्यांचं बाकीचं काम अर्धवट समजतं आणि वापरणाऱ्याला हवं तसं वापरता येतं. म्हणून आज तलाक, समान नागरी कायदा, मोर्चा या गोष्टी नंतर घेऊ. आधी गाव, घर आणि गोष्ट.

दलवाईंचा जन्म २९ सप्टेंबर १९३२ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूणजवळच्या मिरजोळी गावचा. कोकणी मुसलमानाचं घर. आपल्याकडे घरात आपली वऱ्हाडी वळणाची उर्दू चालते आणि बाजारात वऱ्हाडी. तिकडे तसं नाही. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांत चुलीपाशी जी बोली बोलतात, ती मराठीच्या जवळची कोकणी बोली. म्हणून मराठीत लिहायचं तर दलवाईंना कुठला उंबरठा ओलांडावा लागला नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मला याच मुद्द्यावर यायचं आहे.

घरात राजकारण होतं. वडील मुस्लिम लीगच्या बाजूचे, आणि मुलगा कोवळ्या वयात राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जाणारा. फाळणी झाली तेव्हा तो पंधरा वर्षांचाही नव्हता. एकाच ताटावर बसणाऱ्या बाप-लेकाच्या मनात दोन वेगळे देश, हे त्यांना कुणी शिकवायची गरज पडली नाही. मॅट्रिकनंतर ते मुंबईला गेले. कॉलेज धड पुरं झालं नाही, तब्येतीनं साथ दिली नाही, पण मराठी नियतकालिकांत त्यांच्या कथा येऊ लागल्या. १९५६ मध्ये मेहरुन्निसा यांच्याशी लग्न झालं. त्या पुण्याच्या, उर्दू बोलणाऱ्या. नवऱ्याची भाषा त्यांनी लग्नानंतर आपलीशी केली आणि पुढे 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन याच मराठीत आलं. घर बऱ्याच अंशी त्यांच्या नोकरीवर चाललं, हेही इथे सांगायला हवं. लेखकाच्या चरित्रात हे वाक्य नेहमी शेवटी येतं, मी ते आधी घेतो.

१९६१ मध्ये 'लाट' हा कथासंग्रह आला. आचार्य अत्र्यांच्या 'मराठा' दैनिकात दलवाईंनी पत्रकार म्हणून काम केलं. आणि १९६५ मध्ये 'इंधन' ही कादंबरी आली. तेव्हा ते बत्तीस-तेहतीस वर्षांचे होते.

आता 'इंधन'कडे येऊ. गोष्ट सांगणारा 'मी' आहे. कोकणातल्या एका प्रतिष्ठित मुसलमान घरातला. पंधरा वर्षं तो गावाबाहेर राहिलेला आहे. हृदयाचं दुखणं घेऊन विश्रांतीसाठी परत येतो. गावात मुसलमान आहेत, कुळवाडी आहेत, नुकतेच बौद्ध झालेले लोक आहेत. हा माणूस आजारी असल्यामुळे फार काही करू शकत नाही, त्यामुळे तो बघत राहतो. घरातल्या माणसांना बघतो, शेजाऱ्यांना बघतो, कोणाचं कोणाशी काय चाललंय ते त्याला कळत जातं. स्त्री-पुरुषांचे संबंध, संशय, मान-अपमान, जुने हिशेब. आणि गाव हळूहळू तापत जातं. शेवटी पेटतं. याच्या पुढचं मी सांगणार नाही, ते तुम्ही वाचायचं. दिलीप चित्रे यांनी ती 'फ्युएल' या नावानं इंग्रजीत नेली आहे, पण तुम्हाला तिची गरज नाही. तुम्हाला मराठी येतं.

हे गाव का तापतं, ते कळायला कोकणाचा थोडा इतिहास लागतो. आपल्या वऱ्हाडात मुख्यतः रयतवारी होती, शेतकरी थेट सरकारला सारा भरायचा. कोकणात मध्ये खोत होता. तो गावाचा सारा गोळा करायचा, आणि त्याच्या जमिनी कुळं कसायची. खोत हिंदू असायचे, तसे काही गावांत मुसलमानही असायचे. १९४९ च्या कायद्यानं खोती गेली. कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळण्याची वाट मोकळी झाली. त्याच्या आदल्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली, आणि गावोगावच्या माणसांनी गावकीची ठरवून दिलेली कामं नाकारली. म्हणजे आठ-दहा वर्षांत तीन गोष्टी एकदम हलल्या. वरच्याचं वरचं स्थान गेलं, कुळाच्या हाती जमीन आली, आणि ज्याला गावानं कायम वाकवलं तो ताठ उभा राहिला.

असं झालं की गावात प्रत्येकाला आपलं काहीतरी गेल्याची किंवा आपल्याला अजून काही मिळायचं राहिल्याची जाणीव होते. त्या आगीला धर्माचं नाव नंतर मिळतं. माझ्या वाचनात 'इंधन'चं मोठेपण इथं आहे. दलवाईंनी दंगलीची गोष्ट लिहिताना मशिदीपासून किंवा देवळापासून सुरुवात केली नाही. त्यांनी माणसांच्या घरांपासून सुरुवात केली. आणि त्या घरांत पहिलं घर स्वतःसारख्या माणसाचं घेतलं, खानदानी मुसलमानाचं. त्याला झाकलं नाही, आणि शेजाऱ्यालाही सोडलं नाही. कादंबरीच्या नावाचा अर्थही मला असाच लागतो. पेटवणारा एखादाच असतो, इंधन मात्र सगळ्यांकडे साठलेलं असतं.

आता त्या काठीबद्दल बोलतो. दलवाईंची भाषणं आणि लेख तोडून वापरता येतात, कारण ती एका बाजूला, आपल्या बाजूला, तोंड करून बोललेली आहेत. कादंबरी तशी तोडता येत नाही. 'इंधन'मधलं एखादं पान घेऊन कुणी मुसलमानाला बडवायला निघाला, तर पुढच्याच पानावर त्याला स्वतःचं घर दिसेल. म्हणून जे लोक दलवाईंचं नाव आपल्यावर फेकतात, त्यांना मी वाद घालण्याऐवजी एकच विचारतो, 'इंधन' वाचली का?

पुढची गोष्ट तुम्हाला थोडीफार माहीत आहे. कादंबरी आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८ एप्रिल १९६६ ला, मुंबईत सात मुसलमान स्त्रिया विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व याविरुद्ध. त्यांत मेहरुन्निसा होत्या. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक, आपल्या शेजारच्या पुसदचे. आपण विसरून जातो की सात म्हणजे किती कमी. एका ऑटोत कोंबून बसल्या तर मावतील एवढ्या. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं, आणि नाव घेतलं जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाकडून. त्यानंतर दौरे, सभा, दगड, काळे झेंडे. मूत्रपिंडाचा आजार झाला. ३ मे १९७७ ला मुंबईत ते गेले. चव्वेचाळीस वर्षांचं आयुष्य. आपल्यावर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत आणि दहन करावं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. तसंच झालं, आणि बऱ्याच लोकांसाठी दलवाई हा विषय त्या एका गोष्टीवर संपला. तो निर्णय तुम्हाला पटलाच पाहिजे असं नाही. मी नमाज पढणारा माणूस आहे, मलाही तो जवळचा वाटत नाही. पण माणसाच्या शेवटच्या दिवसावरून त्याची आधीची चव्वेचाळीस वर्षं मोजायची, हा काही न्याय नाही.

सात बायकांनी मागितलं त्यातलं एक, एका दमात दिलेला तलाक रद्द करणं, सर्वोच्च न्यायालयात २२ ऑगस्ट २०१७ ला झालं. मधे एक्कावन्न वर्षं गेली. सुधारक म्हणून दलवाई आता पुस्तकांत पोहोचले आहेत. रामचंद्र गुहा यांनी आधुनिक भारत घडवणाऱ्यांच्या इंग्रजी संग्रहात त्यांना जागा दिली. पण तिथेही ते विचारवंत म्हणून येतात. कादंबरीकार कुठे गेला?

'इंधन'नंतर दुसरी कादंबरी आली नाही. पंचेचाळीस सुद्धा न गाठलेल्या माणसाकडून आपण किती मागायचं, हा भाग आहेच. पण मला वाटतं, चळवळीनं कादंबरीकार खाल्ला. कादंबरीला एका जागी बसावं लागतं, आणि त्यांच्यासमोर तलाक दिलेली बाई उभी होती. त्यांनी बाईला निवडलं. त्यांच्या जागी कुणीही भल्या माणसानं तेच केलं असतं. तरी नुकसान झालं ते झालं, आणि ते आपलं झालं. भाषण ऐकताना माणूस सावध असतो. समोरचा आपल्याला बदलायला आलाय हे त्याला कळतं, तो कानांत बोटं घालतो, कधी दगड उचलतो. गोष्ट वाचताना तो सावध नसतो. दलवाईंच्या सभेत जी अम्मी कधी आली नसती, ती त्यांची गोष्ट वाचून रडली असती. पण गंमत अशी की ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यातल्या फार थोड्या लोकांना तेव्हा ती मराठी वाचता येत होती.

आज तसं नाही. या खोलीत बसलेले निम्मे तरी मराठी शाळेत शिकलेले आहेत. उर्दू शाळेतून आलेल्यांनीही मराठीचा पेपर दिलेला आहे. म्हणून मी आता कोकणातून शेलूबाजारला येतो.

आपला वऱ्हाड कादंबरीच्या बाबतीत गरीब नाही. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची. एका शिंप्याच्या घरातली कौतिक, तिची गरिबी आणि तिची झुंज, आणि संवाद असे की आपल्या ओट्यावर कुणी बोलतंय असं वाटावं. आपल्याच वाशीम जिल्ह्याचे नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ'ला १९९५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्याचे सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४ चा अकादमी पुरस्कार. शिंप्याचं घर आलं, दलित वस्ती आली, कर्जात बुडालेला शेतकरी आला. आपला मोहल्ला राहिला आहे. ग्रामीण कादंबरीत मुसलमान नसतो असं नाही. तो येतो, मुलाणी म्हणून, अत्तार म्हणून, बांगड्या विकणारा म्हणून. दोन पानं बोलतो आणि निघून जातो. त्याच्या घरात कादंबरी शिरत नाही, कारण लिहिणाऱ्याला ते घर आतून माहीत नसतं. त्याला दोष देऊन उपयोग नाही. ते घर ज्याला माहीत आहे त्यानं लिहायला हवं.

आणि लिहायला काय नाही? इथून जवळच मंगरूळपीर. ज्या गावाच्या नावातच पीर आहे, ज्याच्या दर्ग्यावर सगळ्या जातींची माणसं नवस फेडायला येतात. आपल्या गावाला समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज आला. नागपूर ते शिर्डी रस्ता ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, सगळा मिळून ७०१ किलोमीटरचा. ज्यांची जमीन रस्त्यात गेली त्यांच्या खात्यात एका दिवसात एवढे पैसे आले की भाऊ भावाला ओळखेना, आणि बहिणीला कागदावर सही करायला बोलावलं ती हिश्शाची गोष्ट न काढता. हे हिंदूच्या घरात झालं तसं आपल्याही झालं. बहिणीचा वाटा तर आपल्या शरीयतमध्ये लिहिलेला आहे, तरी झालं. ही कादंबरी नाही का?

संत्र्याच्या बागा बघा. बहार धरला की बागवान येतो, झाडावर नुसती फुलं नाहीतर बोराएवढी फळं असताना अख्ख्या बागेचा सौदा करतो. गारपीट झाली की शेतकरीही मेला आणि बागवानही. दोघांचं नशीब एका ढगावर टांगलेलं. किंवा बैलबाजार बघा. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. कुरेशी घरांचा पिढीजात धंदा बसला, हे आपल्याला माहीत आहे. पण म्हाताऱ्या बैलाचे पैसे करून नवी जोडी घेणारा शेतकरी, त्याचंही गणित तिथेच मोडलं. ज्या दोन माणसांचं एकाच दिवशी नुकसान झालं, ती दोन माणसं आज एकमेकांकडे कशी बघतात? दलवाई असते तर ते इथे येऊन बसले असते असं मला वाटतं. जमिनीचा भाव, धंद्याचा भाव आणि माणसाचा भाव एकदम बदलला की गावात काय साठतं, हेच तर त्यांनी मिरजोळीच्या मुलखात पाहिलं होतं.

मला माहीत आहे, तुमच्या मनात एक प्रश्न आहे. घरचं बाहेर कायको सांगायचं? आधीच वातावरण असं आहे. नोकरीसाठी नाव सांगितलं तरी समोरच्याचा चेहरा बदलतो, भाड्यानं खोली मिळत नाही. अशा वेळी आपल्याच घरातली धूळ आपणच रस्त्यावर आणायची? हा प्रश्न भित्र्या माणसाचा नाही, जबाबदार माणसाचा आहे, म्हणून त्याला सरळ उत्तर दिलं पाहिजे. माझं उत्तर असं आहे: आपण लिहिलं नाही म्हणून आपल्याबद्दल लिहिणं थांबलेलं नाही. रोज लिहिलं जातंय, बातमीत, सिनेमात, मोबाईलवर, आणि ज्यांनी आपल्या घरात कधी पाणी प्यायलं नाही ते लिहितायत. त्यात आपण एक तर राक्षस असतो, नाहीतर बिचारे. माणूस नसतो. ज्याच्या चुकाही खऱ्या लिहिल्या जातात तोच वाचणाऱ्याला माणूस वाटतो. आणि दुसरी गोष्ट, आपलं सगळं झाकून आपण फक्त दुसऱ्याचा अन्याय लिहिला तर बहिणीच्या हिश्शाचं काय? तिच्यावरचा अन्याय कोण लिहिणार? तीही आपल्याच मोहल्ल्यात राहते.

राहिला भाषेचा प्रश्न. उर्दू सोडा असं मी म्हणत नाही. उर्दू आपलं धन आहे आणि घरात ती राहिली पाहिजे. पण बाजार, कचेरी, शाळा, शेजार यांची भाषा मराठी आहे, आणि ती आपल्याला कुणी खैरात म्हणून दिलेली नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' लिहिला. बार्शीच्या अमर शेखांच्या आवाजावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा उभ्या राहिल्या. १९९० मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते यू. म. पठाण. ही भाषा आपली आहे का, असं आता कुणाला विचारत बसायची गरज नाही. तुम्ही जी बोलता तीच लिहा. अर्धी वऱ्हाडी, अर्धी आपली उर्दू, जशी अम्मी बाजारातून भाजी आणताना बोलते तशी. 'धग' तिच्या बोलीमुळे कमी झाली नाही, उलट त्यामुळेच ती उभी आहे.

म्हणून शेवटी दोन कामं सांगतो. पहिलं, पुढच्या महिन्यात आपण इथेच 'इंधन' एकत्र वाचू. मी तीन प्रती आणल्या आहेत, त्या फिरत्या ठेवा. वाचून झाल्यावर दलवाई चुकले असं वाटलं तर तसं बोला, कारण तेव्हा तुम्ही वाचून बोलत असाल. दुसरं, प्रत्येकानं दोन पानं लिहून आणायची. विषय मी दिलेत त्यातला घ्या, नाहीतर तुमच्या घरातला घ्या. एकच अट आहे. ज्या माणसाचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग आहे, त्याच्या बाजूनं एक परिच्छेद असला पाहिजे.

मुलींची पानं मी आधी वाचणार आहे. आता तुमचे प्रश्न विचारा.